डावा आटा

आत्याचं जुनं घर पाडायला काढलं त्या दिवशी मी तिथे होतो. कसमादे पट्ट्यातलं गाव, मालेगावपासून मोटारसायकलने अर्धा-पाऊण तास. मातीच्या भिंती, वर धाबं. भिंतीतल्या खुंट्या आधी काढून घ्या, असं मिस्त्रीने सांगितलं होतं, कारण लाकूड चांगलं असेल तर कामाला येतं. दाव्याच्या दोऱ्या, पिशव्या आणि कंदील टांगून काळी झालेली एक खुंटी मी उपटली. ती सहज निघाली नाही. निघाली तेव्हा हातभर लांबीचा गोल दांडा हातात आला. जो भाग भिंतीत होता तो गुळगुळीत. जो बाहेर होता, त्यावर दोरखंडाच्या पिळासारखे खोल वळसे कोरलेले. वस्तू अडकवली की खाली सरकू नये म्हणून कुणीतरी नक्षी केली असेल, असं मला वाटलं.

आत्याने लांबूनच पाहिलं आणि म्हणाली, “ती चरकीनी लाट शे. फेकू नको.”

चरकी म्हणजे कापसातून सरकी काढायचं हातयंत्र. तिच्या आजीच्या घरी होतं म्हणे. दोन लाटा असतात, त्यातली ही एक. दुसरी कुठे गेली ते तिला माहीत नव्हतं. चुलीत गेली असेल.

मी दांडा घरी आणला. दुसरी लाट आपण करू, असं ठरवलं. एका लाकडी दांड्यावर आटे पाडायला असा किती वेळ लागणार? चार महिने लागले. त्या चार महिन्यांत या आट्यांविषयी जे वाचलं आणि हाताला जे कळलं, ते इथे लिहितो आहे.

सरकी आणि रुई

कपाशीच्या बोंडातून वेचलेला कापूस तसाच कातता येत नाही. प्रत्येक बीला, म्हणजे सरकीला, तंतू चिकटलेले असतात. वेचलेल्या कापसाच्या वजनात रुई साधारण एक तृतीयांश, बाकी बहुतेक सरकी. सूत, कापड, वात, गादी, काहीही करायचं तर आधी ही ताटातूट व्हावी लागते. बोटांनी करता येते. आजही आपल्याकडे देवाच्या वातींसाठी बायका बोटांनी सरकी काढतात. पण एका लुगड्यापुरतं सूत हवं असेल तर बोटं पुरत नाहीत.

या कामाचं फार जुनं चित्र मालेगावहून काही तासांवर आहे. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या भित्तिचित्रांमध्ये कापूस साफ करणारी बाई दिसते, असं जर्मन अभ्यासक डीटर श्लिंगलॉफ यांनी दाखवलं. तिच्याकडे एकच लाट आहे. सपाट पाटावर कापूस ठेवायचा, वरून बारीक लाट फिरवायची. तंतू लाटेखाली ओढले जातात, बी मागे उरते. पोळी लाटायची कृती आणि ही कृती यांत हाताच्या दृष्टीने फार फरक नाही.

पुढची पायरी दोन लाटांची. उसाच्या चरकात ऊस जातो तसा कापूस दोन लाटांच्या फटीत द्यायचा. लाटा एकमेकींच्या उलट दिशेने फिरतात आणि तंतू पलीकडे खेचून नेतात. लाटा बारीक असतात, म्हणून सरकीला फटीत शिरायला तोंड मिळत नाही. ती अलीकडेच गळून पडते. तंतू तुटत नाही, बी फुटत नाही. अशी दोन लाटांची यंत्रं भारतात आणि चीनमध्ये बाराव्या ते चौदाव्या शतकांच्या दरम्यान दिसू लागतात.

इथे एक अडचण आहे. दोन लाटा फिरवायच्या कुणी?

दोन लाटा, एक हात

चीनमध्ये १३१३ साली वांग झेन याने शेतीवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात दोन लाटांच्या यंत्राचं वर्णन आहे. त्याला तीन माणसं लागतात. एक जण वरची लाट फिरवतो, एक जण खालची, आणि तिसरा कापूस भरवतो.

भारतातल्या चरकीला इतकी माणसं लागत नाहीत. मूठ एकाच लाटेला असते. दुसरी लाट पहिलीमुळे फिरते, कारण दोघींच्या टोकांना आटे कोरलेले असतात आणि ते एकमेकांत बसलेले असतात. जोसेफ नीडहॅम आणि इरफान हबीब यांच्यासारख्या तंत्रज्ञानाच्या इतिहासकारांनी चरकीतल्या या लाकडी आट्यांकडे मुद्दाम लक्ष वेधलं आहे. ही योजना भारतीय उपखंडातलीच असावी, असं सर्वसाधारण मत आहे. सल्तनतीच्या काळात ती आली आणि मुघल काळात रुळली. तिच्यामुळे एक माणूस मोकळा झाला. घरात एकच बाई असेल तर एका हाताने मूठ फिरवून दुसऱ्या हाताने कापूस भरवता येऊ लागला.

आता दोन साधे बोल्ट घ्या. घरात, गॅरेजमध्ये, कुठेही मिळतील. शेजारी शेजारी धरून त्यांचे आटे एकमेकांत बसवा आणि दोघांना उलट दिशांनी फिरवून बघा. एक बोल्ट दुसऱ्याच्या अंगावरून पुढे सरकू लागेल. सरकू दिला नाही तर अडकेल. कारण दोन्ही बोल्टांचे आटे उजवे आहेत. एकाचे वळसे पुढे चालतात तेव्हा उलट फिरणाऱ्या दुसऱ्याचे वळसे मागे येतात. त्यांची टक्कर होते.

चरकीच्या लाटा तर उलट दिशांनीच फिरायला हव्यात, नाहीतर कापूस आत जाणार नाही. म्हणजे एका लाटेचे आटे उजवे आणि दुसरीचे डावे असायला हवेत. एक सरळ वळलेला, एक आरशातला. तसं असेल तर उलट दिशांनी फिरतानाही दोघींचे वळसे एकाच बाजूला चालतात आणि एकमेकींना धरून राहतात.

आत्याच्या घरातली लाट मी पुन्हा पाहिली. तिचे आटे डावे होते.

जुगाड

मालेगाव जुगाडाला घाबरत नाही. ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ पाहिलेल्यांना सायकलवरून घेतलेले शॉट आठवत असतील. यंत्रमागाच्या या गावात कुठला तरी सुटा भाग रोज कुठेतरी तुटतो आणि रोज कुणीतरी तो नव्याने घडवून देतो. मी ज्यांच्याकडे गेलो त्या उस्तादांचं लाकूडकामाचं दुकान मागांच्या शेडला लागून आहे. आत बोलायचं तर ओरडावं लागतं. मी लाट पुढे केली आणि म्हटलं, असे आटे पाडायचे आहेत. ते म्हणाले, “आटा?” आणि हसले. त्यांच्याकडे आट्याला चुडी म्हणतात. मग लाट उजेडात फिरवून म्हणाले, “चुडी उल्टी है भाई.”

लाकडावर आटे पाडायचा हल्लीचा घरगुती मार्ग असा. लाकडाचा एक ठोकळा घ्यायचा. त्याला आरपार भोक पाडायचं, अलीकडच्या अर्ध्या भागात दांडा जाईल एवढं आणि पुढच्या अर्ध्या भागात थोडं बारीक. भोकाच्या पुढच्या अर्ध्या भागात टॅपने आतले आटे काढायचे. वरून राउटर बसवायचा, असा की त्याच्या पात्याचं टोकदार ‘व्ही’ नेमकं तिथे उतरेल जिथून आतले आटे सुरू होतात. मग दांडा हाताने फिरवत आत ढकलायचा. पातं पहिला वळसा कापतं. तो कापलेला वळसा पुढच्या आट्यांत जाऊन बसतो आणि तिथून पुढे दांडा स्वतःच स्वतःला आत ओढून घेतो. पात्याची खोली आणि जागा केसभर चुकली तर आटे दुहेरी पडतात. जमलं तर मिनिटभरात वीतभर आटे तयार. या ठोकळ्याला जिग म्हणतात.

पहिल्या आठवड्यात आम्ही जिग केला. बाभळीच्या दांड्यावर झकास आटे पडले, पण उजवे. उजवी लाट तर हवीच होती, म्हणून मी खूश झालो. उस्तादांनी दांडा जुन्या लाटेशेजारी धरून दाखवला. आमचे आटे बारीक आणि दाट होते, बोल्टसारखे. जुन्या लाटेचे आटे लांब वळशाचे. एका पूर्ण फेऱ्यात तिचा आटा चार बोटं पुढे जातो, आणि असे चार आटे एकाच वेळी शेजारी शेजारी चालतात. दोघींचं जमणं शक्यच नव्हतं.

मी हट्टाला पेटलो होतो. म्हटलं, दोन्ही लाटा नव्या करू, बारीक आट्यांच्या. डाव्यासाठी डावा टॅप हवा. एवढ्या जाडीचा डावा टॅप मालेगावात मिळाला नाही, नाशिकलाही नाही. डावे आटे जगात नसतात असं नाही. सायकलच्या डाव्या पॅडलला असतात, नाहीतर पाय मारता मारता ते सुटून येईल. वेल्डिंगवाल्याच्या ॲसिटिलीनच्या सिलिंडरलाही असतात, चुकून ऑक्सिजनची नळी जोडली जाऊ नये म्हणून. पण बाजार उजव्या आट्यांचा आहे. शेवटी डावा जिग आम्ही वेगळ्या रीतीने केला, टॅपशिवाय. भोकात एक खिळा बाहेर काढून ठेवला. दांड्याच्या मागे डावी खाच असलेला नमुन्याचा दांडा जोडला. खिळा त्या खाचेतून चालतो, म्हणून दांडा त्याच चालीने सरकतो आणि पातं तीच चाल नव्या लाकडावर उतरवतं.

नमुन्याच्या दांड्यावरची ती डावी खाच मात्र हातानेच कोरावी लागली. ती करून देणारं कुठलंही यंत्र आमच्याकडे नव्हतं.

जोडी झाली. चौकटीत बसवली. रिकामी छान फिरली. कापूस भरवला आणि दोन फेऱ्यांत ती जाम झाली. एक लाट डावीकडे रेटत होती, दुसरी उजवीकडे. चौकटीचे खांब फाकले. कारण आता उघड दिसतं. दाट आट्यांचा जोर फिरवण्यापेक्षा बाजूला ढकलण्यात जास्त जातो. बाक आवळायला किंवा ओझं उचलायला तोच गुण उपयोगी. एका लाटेने दुसरीला फिरवायचं असेल तर आटा तिरका हवा, लांब वळशाचा. ज्या सुताराने आत्याच्या घरातली लाट कोरली, त्याला हे माहीत होतं. मला ते कळायला दीड महिना आणि बाभळीचे सहा दांडे लागले.

कागदाचा त्रिकोण

मग त्याने ते आखलं कसं असेल?

एक कागद घ्या आणि काटकोन त्रिकोण कापा. त्याची एक बाजू पेन्सिलीच्या लांबीला धरून त्रिकोण पेन्सिलीभोवती गुंडाळा. तिरकी कड पेन्सिलीवर वळसे घेत चढते. तोच आटा. आता कागद उलटा करून पुन्हा गुंडाळा. या वेळी वळसे दुसऱ्या बाजूने चढतात. एकाच त्रिकोणाच्या एका पाठीवर उजवी लाट असते आणि दुसऱ्या पाठीवर डावी. मापात फरक पडूच शकत नाही, कारण कागद एकच आहे.

अलेक्झांड्रियाचा हेरॉन हा पहिल्या शतकातला यंत्रांचा जाणकार. त्याचा यंत्रशास्त्रावरचा ग्रंथ अरबी भाषांतरामुळे टिकला. स्क्रू आखण्यासाठी पातळ पत्र्याचा त्रिकोण गुंडाळायची युक्ती त्यात आहे. भोकात आतले आटे पाडायचं अवजारही आहे. त्या अवजाराला वाट दाखवायला आधी एक तयार स्क्रू लागतो, आणि तो हाताने कोरलेला असतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या हेन्री मॉडस्ले याने आटे पाडणारं लेथ उभं केलं. आज जगातले बोल्ट एकसारखे आहेत त्यामागे तो आहे. त्याच्या लेथलाही चाल द्यायला एक मूळ स्क्रू हवा होता. तो मिळवायला त्याने नरम दांड्यावर तिरकी सुरी धरून दांडा फिरवला आणि सुरीला तिची वाट कापू दिली. आमच्या जिगचंही तेच झालं. जिग चाल पुढे नेतो. चाल त्याला कुणीतरी आधी द्यावी लागते.

गावच्या सुताराकडे कागद असायचं कारण नव्हतं. दोरा मात्र होता, आणि कापसाच्या घरात त्याला तोटा नसतो. मी शेवटी दोऱ्यानेच आखलं. लाटेच्या टोकावर चार खुणा, चार बोटांवर पुन्हा चार खुणा. ओला दोरा एका खुणेवरून तिरका नेत पूर्ण वळसा द्यायचा आणि ताणून बांधायचा. त्याच्या कडेने कोळशाची रेघ. असे चार दोरे. मग करवतीने रेघेवर खोली पाडायची आणि पटाशीने दोन्हीकडून उतार काढत जायचं. मराठीत स्क्रूला मळसूत्र असा जुना शब्द आहे. त्यातलं सूत्र मी आजवर कधी ऐकलं नव्हतं. दोरा बांधताना ऐकू आलं.

जुन्या लाटेवर भिंग धरून पाहिलं तर एका वळशाच्या तळाशी करवतीचा ओरखडा अजून आहे. एका ठिकाणी पटाशी घसरून कपचा उडालेला आहे. पुढचा वळसा त्याने थोडा रुंद ठेवून ते सांभाळून घेतलं आहे.

नसलेला स्क्रू

इतिहासाच्या पुस्तकांत स्क्रूविषयी वेगळंच वाचायला मिळतं. युरोपात द्राक्षं आणि ऑलिव्ह पिळायला रोमन काळापासून लाकडी स्क्रूचे दाबयंत्र होते. गुटेनबर्गचा छापखाना त्यांचाच वारस. १५५६ साली गोव्यात भारतातला पहिला छापखाना आला. तो खरं तर ॲबिसिनियाला निघाला होता, पण गोव्यातच राहिला. त्या काळचे छापखाने लाकडी चौकटीचे असत आणि कागदावर दाब देण्याचं काम स्क्रू करायचा. आपल्याकडे मात्र तेलाचा घाणा लाट फिरवून चालायचा. दोन लाकडं जोडायला खाचा, खुंट्या आणि पाचरी होत्या. धातूचा स्क्रू हा मुघल काळातल्या कारागिराला परका होता. सतराव्या शतकातल्या एका युरोपीय प्रवाशाने लिहून ठेवलं आहे की इथले कारागीर खिळ्याला तार गुंडाळून झाळतात आणि आटे बनवतात. हबीब यांनी ही नोंद पुढे आणली. तिच्यावरून निष्कर्ष निघतो की भारताला स्क्रू उशिरा कळला.

त्याच शतकात कापसाच्या मुलखातल्या घराघरांत बायका उजव्या-डाव्या आट्यांची जोडी फिरवत बसल्या होत्या.

दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि त्यांचा मेळ कसा लावायचा याचा मी बराच विचार केला. मला वाटतं, चरकीचा आटा कुणाला स्क्रू म्हणून दिसलाच नाही. तो काही आवळत नव्हता, दाबत नव्हता, जोडत नव्हता. तो फक्त एका लाटेचं फिरणं दुसरीकडे पोचवत होता. शिवाय तो सुताराच्या कामात होता. तोफा, बंदुका, कुलपं, दागिने हे लोहार-सोनारांचं काम. या जातींचे हात एकमेकांच्या कामात जात नसत आणि त्यांची अवजारंही एका खोलीत ठेवलेली नसत. ज्या बाईच्या हातात चरकी होती, तिला लाटा कशा कोरल्या हे विचारायला कुणी आलं नाही. ज्या सुताराने त्या कोरल्या, त्याला आटे लिहून ठेवायची गरज नव्हती. लाट झिजली की तो नवी करून देई, आणि बलुत्यात धान्य घेई.

नोंदी नाहीत म्हणून ज्ञान नव्हतं असं म्हणायची आपल्याला सवय आहे. उलट टोकाला जाऊन सगळं आपल्याचकडे होतं असं म्हणायचीही सवय आहे. त्या भिंतीतल्या खुंटीला दोन्ही लागू पडत नाही. ज्ञान होतं, आणि ते एका चौकटीबाहेर गेलं नाही. मला दुसऱ्या अर्ध्याचं जास्त वाईट वाटतं.

अठ्ठावीस पौंड

चरकीचं मोजमाप शेवटी झालं ते ती जायची वेळ आली तेव्हा. कार्ल मार्क्सच्या ‘भांडवल’ ग्रंथाच्या पहिल्या खंडात (१८६७) यंत्रांवरच्या प्रकरणात ती येते. १८६० साली लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्समध्ये वाचलेल्या एका निबंधातले आकडे मार्क्सने घेतले आहेत. जुन्या चरकीवर एक पुरुष आणि एक बाई मिळून दिवसाला २८ पौंड कापूस साफ करतात, म्हणजे पावणेतेरा किलोच्या आसपास. डॉ. फोर्ब्स यांच्या सुधारित चरकीवर एक पुरुष आणि एक पोरगा २५० पौंड काढतात. अशी सोळा यंत्रं बैलांनी चालवली तर पूर्वी साडेसातशे माणसं करत तेवढं काम होतं. मार्क्सला त्यातून यंत्र माणसाची जागा कशी घेतं हे दाखवायचं होतं. साडेसातशे या आकड्यात आत्याच्या आजीसारख्या किती असतील, हे वाचताना मला मोजावंसं वाटलं.

हे आकडे लंडनमध्ये वाचले जात होते याला कारण होतं. अमेरिकेत एली व्हिटनीच्या करवती दातांच्या जिनला १७९४ साली पेटंट मिळालं. गुलामांच्या श्रमावर तिथला कापूस इतका वाढला की लँकेशायरच्या गिरण्या त्यावरच जगू लागल्या. ईस्ट इंडिया कंपनीला तसाच कापूस इथे हवा होता. १८४० साली तिने अमेरिकेतून दहा मळेवाले आणले, करवती जिनही आणले. आपल्या आखूड तंतूच्या कापसाला ते दात फारसे मानवले नाहीत. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस थांबला, आणि खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मालेगाव तेव्हा खानदेशातच होतं. नाशिक जिल्हा झाला तो १८६९ साली.

१८६५ साली थळ घाटातून रेल्वे सुरू झाली. मुंबईचा बाजार आता जवळ आला. बाजाराला गाठी हव्या होत्या, आणि गाठी भरायला रोज पावणेतेरा किलो पुरत नव्हते. मग खानदेशात वाफेवरचे जिन उभे राहिले. त्यांत शेवटी टिकलं ते फोन्स मॅकार्थी या अमेरिकनाने १८४० साली पेटंट घेतलेलं यंत्र. कातड्याने मढवलेली लाट आणि तिला टेकलेली सुरी. लाट तंतू ओढते, सुरी सरकी अडवते. तंतू न तोडता काढायचं चरकीचं तत्त्व त्यात राहिलं. दुसरी लाट गेली, म्हणून आट्यांची गरजही गेली.

घरातल्या बायकांची सरकी काढायची मजुरी गेली. कापूस आता शेतातून थेट जिनला जाऊ लागला. मालेगावची वस्ती याच काळात वाढत होती. १८५७ नंतर उत्तरेतून, बनारस-आझमगढकडून, विणकर कुटुंबं इथे येऊन वसली. त्यांच्या हातमागांना गिरणीचं सूत मिळू लागलं आणि पुढे हातमागांची जागा यंत्रमागांनी घेतली. उस्तादांचे पूर्वज त्याच वाटेने आलेले. एका गावात कापड विणलं जात राहिलं आणि शेजारच्या गावात चरकीची एक लाट भिंतीत खुंटी झाली. दोघांच्या मधली साखळी कुणाच्या घरात उरली नाही.

जोड

चौथ्या महिन्यात मी जिग बाजूला ठेवला. राउटरने फक्त लाटेचा गुळगुळीत भाग सारखा करून घेतला. आटे दोऱ्याने आखले, जुन्या लाटेच्या उलट बाजूने, आणि करवत-पटाशीने कोरले. पहिली लाट वाया गेली, कारण चौथा दोरा सैल होता. दुसरी बसली. उस्तादांनी आट्यांना मेण चोळलं, चौकटीत लाटा चढवल्या, वरून पाचर ठोकली आणि मूठ माझ्या हातात दिली.

जुनी डावी आणि नवी उजवी एकमेकींना धरून फिरल्या. आवाज मागांच्या खडखडाटात ऐकू आला नाही, मुठीत तेवढा जाणवला. माझ्या उजव्या लाटेचे आटे अजून खरखरीत आहेत. डावीचे कित्येक वर्षांच्या हातांनी घासून गुळगुळीत झालेले. फिरताना डावीच उजवीला शिकवते असं वाटतं, पण मूठ उजवीला आहे.

चरकी आत्याकडे नेली. नवं घर स्लॅबचं झालं आहे, भिंतीत खुंट्या नाहीत. ती जमिनीवर बसली, एक पाय चौकटीच्या पाटावर दाबून धरला आणि मूठ फिरवू लागली. मी तोवर दोन्ही हातांनी चौकट धरून ठेवायला माणूस शोधत होतो. पाय वापरायचा हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. पलीकडून रुईची पातळ पट्टी निघत होती. अलीकडे सरकी टपटप पडत होती, काळी, साबूत.

वातींपुरती रुई झाल्यावर तिने हात थांबवला. मी सरकी गोळा करून उकिरड्यावर टाकायला निघालो.

“सरकी फेकू नको,” ती म्हणाली, “म्हैसले व्हई.”